आडव्या घरातला उभा खेळ

डोंबिवलीच्या आमच्या घरी ३२ इंची टीव्ही ब्रॅकेटवरून उतरवला आणि ९० अंशांत वळवून पुन्हा भिंतीवर चढवला, तेव्हा घरातून पहिला प्रश्न आला, ‘बिघडला का?’ ‘नाही, खेळच तसा आहे,’ हे उत्तर कोणालाही पटले नाही. ते पटण्यासारखे आहे की नाही, हे इथे तपासायचे आहे.

आधी थोडा हिशेब. पडद्याच्या तळाशी आपले विमान, वरून उतरणारे शत्रू, अशा गोळीबाराच्या खेळांचे चित्र उभे असते. रुंदी तीन भाग, तर उंची चार. ३२ इंची टीव्ही साधारण ७१ सेंटिमीटर रुंद आणि ४० सेंटिमीटर उंच असतो. त्यावर असे चित्र मावते ते ४० उंच आणि ३० रुंद. पडद्याचा निम्म्याहून अधिक भाग दोन्ही बाजूंना काळा पडून राहतो. टीव्ही वळवला की तेच चित्र ५३ सेंटिमीटर उंच होते आणि पाऊण पडदा व्यापते. क्षेत्रफळ पावणेदोन पटींहून थोडे जास्त.

पण मोठे दिसणे हा काही साहित्यिक मासिकाचा विषय नव्हे. प्रश्न आकाराचा आहे, आणि तो या खेळांच्या जन्मापासूनचा आहे. १९७८ साली ताइतो कंपनीत तोमोहिरो निशिकादो यांनी ‘स्पेस इन्व्हेडर्स’ रचला, तो उभ्या पडद्यावर. १९८१चा नामकोचा ‘गॅलागा’, १९८४चा कॅपकॉमचा ‘१९४२’ हेही उभेच. त्या यंत्रांतली पिक्चर ट्यूब घरच्या टीव्हीच्याच जातीची असे, फक्त कुशीवर बसवलेली. त्यामुळे चित्र रंगवणाऱ्या रेषा डावीकडून उजवीकडे न धावता उभ्या धावत. म्हणजे टीव्ही वळवण्याचा हा उद्योग कोणा हौशी माणसाच्या डोक्यातून निघालेला नाही. मूळ संहिताच वळवलेल्या टीव्हीवर लिहिलेली होती. जपानी खेळाडू याला ‘ताते’ म्हणतात. ताते म्हणजे उभे. त्यांच्या वरून खाली लिहिण्याच्या पद्धतीचे नाव ‘तातेगाकी’, त्यातलाच हा शब्द.

उभेपणाने साधते काय? वेळ. वरच्या कडेला शत्रू दिसला की तो तळाशी पोहोचेपर्यंतचे अंतर हाच खेळाडूचा विचार करण्याचा अवधी. ‘गॅलागा’त शत्रू वळसे घेत येतात, रांगेत जाऊन बसतात आणि मग एकेक सुटून खाली झेपावतात. तो वळसा डोळ्यांत भरण्याइतकी उंची नसेल, तर खेळ नुसत्या हाताच्या चपळाईवर येतो.

आता आपल्याकडचे. ठाणे, कल्याण, डोंबिवलीत स्टेशनजवळच्या गल्ल्यांतून व्हिडिओ गेमची पार्लरे होती; टोकन घेऊन उभ्याने खेळायचे, आणि घरी कळले तर बोलणी खायची. नव्वदच्या दशकात वाढलेल्या बहुसंख्य मुलांची या खेळांशी खरी ओळख मात्र झाली ती घरच्या टीव्हीला जोडलेल्या नकली यंत्रावर. निन्टेंडोच्या ‘फॅमिकॉम’ची ती नक्कल. एका कॅसेटमध्ये शेकडो खेळ असल्याची जाहिरात असायची आणि प्रत्यक्षात तेच ते पुन्हा पुन्हा यायचे. चित्र अर्थातच आडवे. आम्ही मूळ वाचण्याआधी भाषांतर वाचले.

भाषांतर म्हटले की समीक्षकाला काम मिळते, कारण भाषांतरकारांत फरक असतो. फॅमिकॉमवरच्या ‘गॅलागा’त गुणसंख्या आणि उरलेली विमाने उचलून उजवीकडच्या पट्टीत नेली आहेत. मैदान अरुंद झाले, चित्र लहान झाले, पण घडण उभीच राहिली. हा भाषांतरकार मूळ छंद सांभाळणारा आहे. ‘१९४२’चे तसे नाही. तिथे मैदान आडव्या पडद्याच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरले. बाजूने घुसणारी विमाने दूरवरून येतात, खेळाडूला या कडेपासून त्या कडेपर्यंत पळावे लागते आणि समोरचे अंतर त्या मानाने तोकडे पडते. वर सतत ठोकत राहणारा तो कर्कश आवाज. माझ्या मते हे भाषांतर फसलेले आहे. आम्ही ते वर्षानुवर्षे आवडीने खेळलो, ही गोष्ट वेगळी. (जपानी कंपनीने केलेल्या या खेळात आपण अमेरिकी विमान चालवून जपानी विमाने पाडत असतो, हेही तेव्हा कोणाच्या लक्षात आले नव्हते.)

त्या काळी टीव्ही वळवायची कल्पना तरी सुचली असती का? सुचून उपयोग नव्हता. नकली यंत्रावरचा खेळ आडवाच काढलेला. टीव्ही वळवला तर तोही कुशीवर पडेल. खेळाने स्वतःच वळलेले चित्र द्यायला हवे. ट्रेझर कंपनीच्या ‘इकारुगा’त (२००१) ही सोय घरच्या आवृत्तीत निवडीच्या यादीतच होती, आणि हॅमस्टरच्या ‘आर्केड आर्काइव्ज’ मालिकेतल्या जुन्या खेळांतही ती आहे. शिवाय तो डब्बा टीव्ही. वजनाने दोघांनी उचलायचा, एका कुशीवर भार पेलायला न केलेला, उष्णता बाहेर जाण्याच्या फटी वळवल्यावर भलत्याच दिशेला. ट्यूबची दिशा बदलली की पृथ्वीच्या चुंबकक्षेत्रामुळे कोपऱ्यांत जांभळे-हिरवे डाग पडत.

याहून मोठी अडचण अशी, की तो टीव्ही मुलाचा नव्हता. वन रूम किचनमध्ये शोकेसच्या मधोमध, वर विणलेला रुमाल, त्यावर फुलदाणी. बातम्या आणि मालिका आडव्या येतात, म्हणून घरही त्यांच्यासमोर आडवे बसते. पार्लरमधले यंत्र एका माणसासाठी उभे होते, घरचा टीव्ही पाच जणांसाठी आडवा. ‘टीव्ही वळवल्याशिवाय हा खेळ खेळलातच नाहीत,’ असे म्हणणारे शुद्धतावादी ही बाजू विचारात घेत नाहीत. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय १८६४ सालचे, ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ सालचे. आडव्या सुट्या पानांच्या पोथ्या उभ्या बांधील पुस्तकांत आल्या, तेव्हा ओळी तुटल्या आणि पान उलटण्याची रीत बदलली; तरी त्या पुस्तकांवर वाढलेल्या वाचकाला अवाचक म्हणण्याची हिंमत कोणी करत नाही.

तरीही मी टीव्ही वळवला, आणि तो वळवल्यावर जे दिसले ते नाकारता येत नाही. ‘इकारुगा’त आपले विमान काळे किंवा पांढरे होऊ शकते, आपल्या रंगाच्या गोळ्या पोटात घ्यायच्या, दुसऱ्या रंगाच्या चुकवायच्या. ३० सेंटिमीटर रुंदीत ती नुसती गर्दी वाटत होती. ५३ सेंटिमीटर उंचीत वरून येणाऱ्या रांगांची रचना आधीच वाचता येऊ लागली. मी तेवढाच वाईट खेळतो, पण का मेलो ते आता कळते.

स्वस्त पॅनेल असेल तर एक इशारा. असे काही पॅनेल खालून-वरून पाहताना रंग बदलतात. वळवल्यावर हा दोष डाव्या-उजव्या बाजूला येतो. नेमके समोरच बसावे लागते, शेजारच्याला फिकट दिसते. मागची भोके चौरसात असतील तर जुनेच ब्रॅकेट चालते, आयतात असतील तर बहुधा नाही.

लोकलमध्ये हा सगळा खटाटोप कोणालाच करावा लागत नाही. कल्याणहून सुटलेल्या गाडीत दारापाशी उभा असलेला मुलगा मोबाइल उभाच धरतो, आणि वरून विमाने उतरत असतात. पडदा तळहाताएवढा, आणि बोट नेमके त्याच जागी जिथे आपले विमान. मुंब्रा येईपर्यंत त्याचे दोनदा मरून झालेले असते.

आमचा टीव्ही मालिकेच्या वेळेआधी पुन्हा आडवा करून द्यायचा, असे घरात ठरले आहे. चार स्क्रू, दोन माणसे, दहा मिनिटे. दुसऱ्या माणसाची मनधरणी यात धरलेली नाही.