जेलचे गणित कोठून सुरू होते?

टेनोफोविर हे एचआयव्हीरोधक औषध योनीतील जेलमधून ऊतीत कसे झिरपते, याची गणिती प्रारूपे आम्ही वाचली. जेल, अभिस्तर, संयोजी ऊती आणि शेवटी रक्त. थरांतून फिकचा १८५५ चा विसरणाचा नियम. जाडी दुप्पट, तर वेळ चौपट! (जिलेटिनमध्ये पोटॅशियम परमँगनेट सोडून वर्गातही पाहता येईल.) पण सोप्या प्रारूपांत जेल सर्वत्र सारखे पसरते, हे पटत नाही, स्रावाने ते पातळ होते, गळते.

दक्षिण आफ्रिकेतील चाचणीत (२०१०) संसर्ग ३९ टक्क्यांनी घटला. ‘व्हॉइस’ चाचणीत (२०१३) मात्र फायदा दिसला नाही. तेथे जेल-गटाच्या २५ टक्केच रक्तनमुन्यांत औषध सापडले. समीकरणाचे घड्याळ जेल लावल्यावर सुरू होते; अनेकींनी ते नियमित लावलेच नव्हते.