‘जागरूकता कमी आहे’ हा निष्कर्ष येतो कुठून? घरगुती घातक कचरा आणि कसबा पेठ

घनकचऱ्यावर पीएचडी करायची ठरवलेल्यांच्या यादीत ‘घरगुती घातक कचरा’ हा विषय हमखास असतो. कारण सरळ आहे. नियम लिहिलेला आहे, शहर समोर आहे आणि कचरा रोज दारात आहे. मग सिनॉप्सिसही ठरल्यासारखी तयार होते: दोन-तीनशे घरं, एक प्रश्नावली, लिकर्ट स्केल, एसपीएसएसमध्ये काय-स्क्वेअर, आणि शेवटी निष्कर्ष की नागरिकांमध्ये जागरूकता कमी आहे, सबब जनजागृती मोहिमा राबवाव्यात.

या पोस्टमध्ये मला या साच्यावर टीका करायची आहे. कोणा एकाच्या प्रबंधावर नाही, साच्यावर. माझं म्हणणं असं की हा निष्कर्ष घरांमधून येत नाही, प्रश्नावलीतूनच येतो. फक्त घराला प्रश्न विचारले तर दोष घरातच सापडणार. उदाहरणासाठी कसबा पेठ घेऊ. पुण्याची सगळ्यात जुनी वस्ती, अरुंद बोळ, वाडे, वाडे पाडून झालेल्या इमारती आणि बरेच वयस्कर रहिवासी. अशा ठिकाणी नियम कसा चालतो ते बघितलं की साच्यातली गडबड लगेच दिसते.

आधी नियम मुळातून वाचा

लिटरेचर रिव्ह्यूमध्ये बहुतेक जण नियमाला एका ओळीत उरकतात: ‘घनकचरा व्यवस्थापन नियम, २०१६ नुसार वर्गीकरण बंधनकारक आहे.’ एवढ्यावर थांबू नका. ८ एप्रिल २०१६ ला अधिसूचित झालेल्या या नियमांत घरगुती घातक कचऱ्याची व्याख्या म्हणजे एक यादी आहे. रंगाचे टाकून दिलेले डबे, कीटकनाशकांचे डबे, सीएफएल, ट्यूबलाइट, मुदत संपलेली औषधं, फुटलेले पाऱ्याचे थर्मामीटर, वापरलेल्या बॅटऱ्या, वापरलेल्या सुया आणि सिरिंज वगैरे.

आता नियम ४ बघा. तो घराला सांगत होता की ओला, सुका आणि घरगुती घातक असे तीन भाग वेगळे ठेवा आणि वेगळा केलेला कचरा अधिकृत कचरावेचकाकडे किंवा संकलकाकडे द्या. मग नियम १५ उघडा. तिथे स्थानिक संस्थेची कर्तव्यं होती. घरगुती घातक कचऱ्यासाठी दर २० चौरस किलोमीटरमागे एक संकलन केंद्र उभारा, त्याच्या वेळा जाहीर करा आणि नागरिकांनी हा कचरा तिथे आणून द्यावा असे निर्देश द्या.

दोन्ही वाक्यं शेजारी ठेवून वाचा. पहिल्यात कचरा दारातून उचलला जातो, दुसऱ्यात माणूस तो घेऊन केंद्रावर जातो. एकाच नियमावलीत दोन वेगळ्या दिशा. फुटलेली ट्यूब वाड्याच्या दारात आलेल्या ताईंना द्यायची की पिशवीत घालून केंद्र शोधत निघायचं, हे नियम वाचणाऱ्यालाही नीट ठरवता येत नाही. मग प्रश्नावलीत ‘घरगुती घातक कचऱ्याची विल्हेवाट कशी लावावी, हे आपणास माहीत आहे का?’ या प्रश्नाला कुणी ‘नाही’ म्हटलं, तर त्याचं अज्ञान मोजलं गेलं की नियमाची संदिग्धता? साच्यातल्या अभ्यासात हा फरक करायला जागाच नसते.

२० चौरस किलोमीटर म्हणजे किती लांब?

हा आकडा मी प्रत्येकाला कागदावर मांडून बघायला सांगेन. २० चौरस किलोमीटरचं वर्तुळ काढलं तर त्रिज्या साधारण अडीच किलोमीटर येते. पुणे महापालिकेची हद्द आज ५०० चौरस किलोमीटरच्या आसपास आहे, म्हणजे २०१६ च्या नियमांनुसार किमान २५ केंद्रं हवी होती. कसबा, शनिवार, नारायण, सदाशिव, बुधवार, शुक्रवार, रविवार, सोमवार या जुन्या पेठा सगळ्या मिळून अशा एका वर्तुळात आरामात मावतात. थोडक्यात, नियम अक्षरशः पाळला तरी या सगळ्या पेठांना मिळून एक केंद्र पुरेसं ठरत होतं.

नकाशावर अडीच किलोमीटर काहीच नाही. पण घड्याळातला एक पेन्सिल सेल टाकायला रिक्षा कोण करणार? सेलच्या किमतीपेक्षा भाडं जास्त होतं. इन्सुलिन घेणाऱ्या, गुडघे दुखणाऱ्या आजींनी आठवड्याच्या सुया डब्यात भरून चालत जायचं का? हे मोजमाप क्षेत्रफळाचं आहे. घरं किती, जिने किती, चालणाऱ्याचं वय काय, हे त्यात कुठेच नाही. विरळ वस्तीला आणि पेठेला एकच फूटपट्टी लावली होती.

‘आणून द्या’ ही पद्धत अमेरिकेत रुळलेली आहे. तिथे घरातला कचरा घातक असला तरी त्याला घातक कचऱ्याच्या संघराज्य नियमांतून सूट आहे, म्हणून स्थानिक संस्था ठरावीक दिवशी किंवा कायमच्या केंद्रांवर तो गोळा करतात. लोक मोटारीच्या डिकीत रंगाचे डबे घालून नेतात. तिथली प्रश्नावली भाषांतर करून कसब्यात वापरली की दाराशी मोटार असलेलं कुटुंब नकळत गृहीत धरलं जातं. उत्तरं अर्थातच ‘कमी सहभाग’ अशी येतात.

यादी एक, पण वस्तू एकसारख्या नाहीत

दुसरी मोठी अडचण ‘घरगुती घातक कचरा’ हा एकच चल म्हणून घेण्यात आहे. यादीतल्या वस्तूंना बाजाराच्या नजरेने बघा. इन्व्हर्टरची जुनी बॅटरी भंगारवाला पैसे देऊन नेतो. रंगाचा पत्र्याचा डबा बऱ्याचदा विकला जातो किंवा घरातच पुन्हा वापरला जातो. ट्यूबलाइट, थर्मामीटर, सुई आणि मुदत संपलेल्या गोळ्या यांना मात्र कुणी रुपया देत नाही. पहिल्या गटाला आधीपासून वाट आहे, कायदेशीर असो वा नसो. दुसऱ्या गटाला वाटच नाही. दोघांची सरासरी काढून ‘४० टक्के लोक योग्य विल्हेवाट लावतात’ असलं वाक्य लिहिलं तर त्यातून काहीच कळत नाही.

कायद्याच्या नजरेनेही या वस्तू विखुरलेल्या आहेत. पारा असलेले दिवे २०१६ च्या ई-कचरा नियमांच्या यादीतही होते. बॅटऱ्यांसाठी २०२२ पासून स्वतंत्र नियम आहेत आणि त्यात जबाबदारी उत्पादकाकडे जाते. म्हणजे एकाच सेलवर दोन नियमावल्यांचा हक्क आहे. घरात टोचलेल्या सुईच्या मागे मात्र असा कोणी उत्पादक उभा नाही.

मोजण्याची पद्धतही तपासा. जगभरातल्या बहुतेक अभ्यासांत घरगुती घातक कचरा एकूण घरगुती कचऱ्याच्या वजनात साधारण एक टक्का किंवा त्याहून कमी भरतो. अहवाल टनांत लिहिला की तो दिसेनासा होतो. नग मोजले तरी फसगत होते. एका सीएफएलमध्ये पारा काही मिलिग्रॅम असतो, तर जुन्या काचेच्या थर्मामीटरमध्ये अर्धा ते एक ग्रॅम, म्हणजे शंभरपटीहून जास्त. दोन्ही ‘एक नग’ म्हणून नोंदवले तर आकडा बरोबर, अर्थ चुकीचा.

आणि कसब्यात आणखी एक पेच आहे. २०१६ च्या व्याख्येत ‘घरगुती पातळीवर निर्माण झालेला’ असे शब्द होते. तांबट आळी किंवा कुंभारवाड्यासारख्या भागांत काम आणि राहणं परंपरेने एकाच छताखाली आलेलं आहे. खालच्या कामाच्या जागेतली ॲसिडची बाटली घरगुती की धंद्याची? उत्तरावर नियम बदलतो. प्रश्नावलीत ‘घर’ हा शब्द लिहिण्याआधी हे ठरवावं लागेल.

जिच्या हाताला सुई लागते ती

साच्यातल्या अभ्यासात एक व्यक्ती हटकून गैरहजर असते: कचरा उचलणारी. पुण्यात हे विशेष खटकतं, कारण १९९३ मध्ये सुरू झालेली कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत आणि तिच्यातून उभी राहिलेली ‘स्वच्छ’ ही कष्टकऱ्यांची सहकारी संस्था इथलीच. २००८ मध्ये महापालिकेशी करार होऊन ‘स्वच्छ’ने घरोघरी संकलन सुरू केलं. या कामात सुका कचरा हाताने निवडला जातो. त्यातलं विकण्याजोगं बाजूला काढणं हा कमाईचा भाग आहे. सुक्यात गेलेली सुई बोटालाच सापडते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार बाधित रुग्णाला वापरलेली सुई एकदा टोचली तर हेपटायटिस बी होण्याचा धोका ३० टक्के, हेपटायटिस सीचा १.८ टक्के आणि एचआयव्हीचा ०.३ टक्के असतो. हे आकडे घरातल्या सुईला जसेच्या तसे लागू होत नाहीत, पण धोका उरतोच. शिवाय दवाखान्याच्या सुईला जैववैद्यकीय कचऱ्याची वेगळी साखळी आहे. घरातल्या सुईला सुक्याची गोणी.

२०१६ च्या नियमांनी सॅनिटरी कचऱ्याबाबत तर कमालच केली होती. तो नीट गुंडाळून सुक्या कचऱ्याच्या डब्यात टाका, असं लिहिलं होतं. म्हणजे जो डबा हाताने निवडला जातो, नेमक्या त्याच डब्यात. यावर पुण्यात निघालेला तोडगा बघण्यासारखा आहे. ‘स्वच्छ’च्या लाल ठिपका मोहिमेत लोकांना एवढंच सांगितलं गेलं की वापरलेला पॅड किंवा डायपर कागदात गुंडाळा आणि वर लाल ठिपका काढा. संशोधक म्हणून मला यातली रचना महत्त्वाची वाटते. माहिती घरातच राहत नाही, ती पुडक्यावर बसून पुढे जाते आणि उचलणारीला हात लावायच्या आधी कळते. जागरूकता मोजणाऱ्या प्रश्नावलीत असा ठिपका कधीच दिसणार नाही, कारण ती दोन माणसांमधला व्यवहार मोजतच नाही.

१ एप्रिल २०२६ पासून लागू झालेल्या नव्या नियमांत कचऱ्याचे चार प्रकार आहेत: ओला, सुका, सॅनिटरी आणि विशेष काळजीचा. सॅनिटरी कचरा सुक्यातून बाहेर आला, ही चांगली गोष्ट झाली. पण रंगाचे डबे, दिवे, थर्मामीटर, औषधं या विशेष काळजीच्या कचऱ्यासाठी पुन्हा तेच: अधिकृत यंत्रणेने न्यावा किंवा केंद्रावर आणून द्यावा. त्या ‘किंवा’वर सगळं अवलंबून आहे. कुठल्या पेठेत पहिला पर्याय आणि कुठल्या पेठेत फक्त दुसरा, हा पुढच्या काही वर्षांचा खरा संशोधनविषय आहे.

या टीकेवरची टीका

गाईड तुम्हाला दोन गोष्टी विचारतील, त्यांची तयारी ठेवा. पहिली: जागरूकतेला काहीच किंमत नाही का? आहे. पण वाट अस्तित्वात असेल तरच माहितीचा परिणाम तपासता येतो. जिथे दारातून तिसरा डबा उचललाच जात नाही, तिथे माहिती असलेला आणि नसलेला दोघेही शेवटी सुक्यातच टाकतात. दोघांच्या ज्ञानाचे गुण वेगळे, कृती एकच.

दुसरी हरकत जास्त अवघड आहे. ‘मग दारातून उचला’ म्हणणं सोपं आहे. उचलणार त्याच ताई. हातमोजे, टोचणार नाही असा डबा, प्रशिक्षण, लसीकरण आणि या जादा कामाचा मोबदला कुणी द्यायचा? महिन्याच्या शुल्कात भर घातली तर घरं कुरकुरतात, नाही घातली तर धोका फुकटात तिच्या माथी येतो. सोय घराची आणि जोखीम दुसऱ्याची, असा उपाय सुचवणारा प्रबंध अर्धवटच म्हणायचा. याचं तयार उत्तर माझ्याकडे नाही, पण हा प्रश्न प्रबंधात आलाच पाहिजे, एवढं नक्की.

मग विचारायचं काय?

घर हे एकक सोडा, वस्तू हे एकक घ्या. एक सुई, एक ट्यूब, एक सेल आणि औषधाची एक पट्टी निवडा. कसब्यातल्या एका आळीतून निघून ती कुणाच्या हातात जाते, कुठे विकली जाते, कुठे फुटते, आणि जिल्ह्यात घातक कचऱ्याचा सामायिक प्रकल्प असलेल्या रांजणगावपर्यंत पोचते का, याचा माग काढा. चारच वस्तू, पण शेवटपर्यंत. तीनशे घरांच्या टक्केवारीपेक्षा यातून जास्त हाती लागेल.

सोबत कागद मागवा. २०१६ च्या नियमांनुसार स्थानिक संस्थेला दरवर्षी ३० जूनपर्यंत वार्षिक अहवाल सादर करावा लागत असे. तो माहिती अधिकारात मागता येतो. केंद्रांचे पत्ते, उघडण्याच्या वेळा, जमा झालेल्या मालाची नोंदवही आणि तो पुढे गेल्याची पावती, असे चार मुद्दे अर्जात स्वतंत्र लिहा. ‘सविस्तर माहिती द्यावी’ असं मोघम लिहिलंत तर उत्तरही मोघमच येईल.

मुलाखती घ्यायच्याच असतील तर यादीत घराइतकीच जागा संकलन करणाऱ्या ताईंना, भंगारवाल्याला, औषध दुकानदाराला आणि क्षेत्रीय कार्यालयातल्या आरोग्य निरीक्षकाला द्या. त्यांना माहिती आहे का, हे विचारू नका. काल ही वस्तू हातात आली तेव्हा तिचं काय केलंत, हे विचारा. एवढा एक प्रश्न बदलला तरी ‘जागरूकता कमी आहे’ हे वाक्य निष्कर्षात लिहिताना पेन अडखळेल.