विहंगम दृष्टी आणि सत्तेची भूमिती

लिओनार्ड क्निफ याने रेखाटलेल्या व योहानेस किप याने ताम्रपटावर कोरलेल्या ८० दृश्यांचा 'ब्रिटानिया इलस्ट्राटा' हा संग्रह १७०७ मध्ये लंडन येथे प्रसिद्ध झाला. इंग्लंडमधील राजवाडे व उमरावांचे वाडे हा त्याचा विषय. उद्यानांच्या इतिहासकारांनी ही मुद्राचित्रे प्रामुख्याने पुरावा म्हणून वाचली आहेत. ते स्वाभाविकही आहे. चॅट्सवर्थची भौमितिक उद्याने १७६० च्या दशकात लॅन्सलॉट ब्राऊनच्या नव्या आखणीत बहुतांशी लोपली. किपच्या चित्रात ती शाबूत आहेत. परंतु केवळ दस्तऐवज मानल्याने या चित्रांतील सत्तेचे विधान नजरेआड होते.

या विधानाचा आरंभ पाहणाऱ्याच्या स्थानापासून होतो. माणूस बलूनमधून आकाशात गेला तो १७८३ मध्ये. किपचा प्रेक्षक त्याआधीच तेथे पोहोचलेला आहे. वाडा, तबेले, उद्याने व शेते एकाच दृष्टिक्षेपात सामावतात. मालकालाही आपली मालमत्ता अशी कधी दिसली नसेल. चित्र त्याला ती दृष्टी बहाल करते.

बॅडमिंटन येथील ब्यूफर्टच्या ड्यूकच्या वाड्याचे चित्र या दृष्टीने बोलके आहे. वाड्यापासून निघालेल्या वृक्षवीथी किरणांप्रमाणे क्षितिजाकडे धावतात. ड्यूकची जमीन नेमकी कोठे संपते, हे चित्र सांगत नाही. रॉजर नॉर्थच्या लेखनात मात्र अशी नोंद आहे की, ड्यूकच्या दृश्यरेषा मोकळ्या व्हाव्यात म्हणून शेजारच्या काही जमीनदारांनी आपली झाडे व कुंपणे तोडली, तर काहींनी स्वखर्चाने आपल्या टेकड्यांवर त्याच रेषेत झाडे लावली. मालकीच्या सीमेपलीकडे प्रभुत्व चालते ते अशा मान्यतेच्या बळावर. चित्र ही सीमाच पुसून टाकते. १७११ च्या कायद्याने परगण्याच्या संसद-सदस्यासाठी जमिनीपासून वार्षिक ६०० पौंड उत्पन्नाची अट घातली, हा राजकीय संदर्भही येथे ध्यानात घ्यावा लागेल.

निसर्गदृश्याच्या सौंदर्यदृष्टीतून श्रम हद्दपार होतात, असे रेमंड विल्यम्स यांनी १९७३ मध्ये प्रतिपादिले. किपच्या संदर्भात या सिद्धान्ताला मुरड घालावी लागते. येथे माणसे, घोडे, गाड्या आहेत. पण त्यांचा आकार ठिपक्याएवढा आहे. श्रम वगळलेले नसून त्यांना प्रमाणात बसवले आहे.

म्हणूनच 'पुरावा' आणि 'प्रभुत्वाचे विधान' ही वाचने परस्परविरोधी ठरत नाहीत. तपशिलांची अचूकता हेच या चित्रांचे सर्वांत प्रभावी साधन होय: ज्याची प्रत्येक खिडकी मोजलेली दिसते, त्याच्या क्षितिजाविषयी कोणी शंका घेत नाही.