पोथी आणि दप्तर

उत्तर हिंदुस्थानच्या अठराव्या शतकाचा अभ्यासक फार्सी अखबारांकडे जसा वळतो, तसेच त्याला मराठी कागदांकडेही वळावे लागते. पेशव्यांचे दिल्लीतील वकील हिंगणे यांची पत्रे, कोट्याचे गुळगुळे दप्तर, पुण्याच्या पेशवे दप्तरातील रुमाल, या सर्वांत दिल्ली, राजपुताना व माळवा यांची हकीकत मोडीत लिहिलेली आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या अवधीत पेशवे दप्तरातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादिले. त्या प्रचंड उद्योगाचे मोल कमी नाही. परंतु निवडीचा ओढा मुख्यतः राजकारणाकडे होता आणि जमाखर्चाचा फार मोठा भाग रुमालांतच राहिला. संगणकीय छायाप्रतीला निवड करावी लागत नाही. तिचे महत्त्व यातच आहे.

तिच्यासाठी द्रव्य मात्र कोणत्या व्याख्येने मिळते? २००३ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय पांडुलिपी मिशनने आपल्या व्याख्येतून फर्माने व महसुली कागद वगळले. पोथीत ज्ञान असते, कागदात केवळ घटनांची माहिती, अशी ही वाटणी. २०२५ च्या अर्थसंकल्पात या कार्याची तरतूद साडेतीन कोटी रुपयांवरून ६० कोटींवर गेली व 'ज्ञान भारतम्' हे नाव पुढे आले. वाढ स्वागतार्हच. पण परगण्याच्या ताळेबंदातून कोणते पीक बुडाले, कोणत्या गावाला सूट मिळाली, हे कळते. त्याला ज्ञान का म्हणू नये? सरकारी अभिलेखांना अभिलेखागारांचा तरी आधार असतो. खाजगी घराण्यांच्या माळ्यावरील दप्तरे या दोहोंच्या फटीत सहज हरवतात.

दुसरा दोष हिशेबाचा आहे. पृष्ठे मोजून अनुदान दिले की छायाचित्रांची संख्या फुगते, वाचकाची सोय होत नाही. मराठी पत्रात पुष्कळदा 'छ' लिहून मुसलमानी महिन्याचा चंद्र तेवढा दिलेला असतो, सालाचा पत्ताच नसतो. ते साल मजकुरावरून ठरविणारा मोडीचा जाणकार नसेल, तर पडद्यावरचा कागदही बांधलेल्या रुमालाइतकाच मुका. ब्रिटिश लायब्ररीच्या २००४ पासूनच्या संकटग्रस्त अभिलेखांच्या योजनेत छायाप्रतींबरोबर वर्णनसूचीही करावी लागते व मूळ कागद त्याच देशात राहतात. सीतामऊचे रघुवीरसिंह यांनी युरोपातील ग्रंथालयांतून हस्तलिखितांच्या प्रती आणविल्या, तेव्हा संगणक नव्हता. त्यांच्या संग्रहातील महत्त्वाच्या ऐतिहासिक हस्तलिखितांची यादी मात्र १९४९ मध्ये छापून निघाली होती.