नॅशनल गॅलरीतील मध्यान्ह मैफली : एक मूल्यमापन

दुसऱ्या महायुद्धाच्या आरंभी लंडनची नाट्यगृहे व संगीतसभागृहे बंद झाली. नॅशनल गॅलरीतील चित्रे सुरक्षिततेसाठी शहराबाहेर हलविण्यात आली. त्या रिकाम्या दालनांत पियानोवादक मायरा हेस यांनी १० ऑक्टोबर १९३९ रोजी मध्यान्ह मैफली सुरू केल्या. आठवड्यातून पाच दिवस, एका शिलिंगात प्रवेश. बॉम्बवर्षावात त्या तळघरात भरल्या. १९४६ पर्यंत १,६९८ मैफली झाल्या.

या उपक्रमाकडे केवळ धैर्याचे उदाहरण म्हणून पाहणे अपुरे ठरते. त्याचे खरे महत्त्व रचनांच्या निवडीत आहे. श्रोता सामान्य म्हणून संगीत सोपे केले गेले नाही. एकाग्र श्रवणाची अपेक्षा करणारे चेंबर संगीत, म्हणजे मोजक्या वादकांचे संगीत, येथे सातत्याने सादर झाले. युद्ध जर्मनीशी असूनही बीथोव्हन व ब्राह्म्स वर्ज्य ठरले नाहीत. अर्थात, दुपारी मध्य लंडनमध्ये असणाऱ्यालाच हा लाभ शक्य होता, ही मर्यादा नाकारता येत नाही. तथापि, अभिजात संगीत लोकाभिमुख करण्यासाठी त्याचा दर्जा उतरवावा लागतो, हा रूढ समज या मैफलींनी निराधार ठरविला, असे म्हणावे लागते.