थेंब बसतो तेव्हा

अळवाच्या पानावर पाण्याचा थेंब डौलात उभा असतो. साबणाचं बोट लागलं की तो बसतो, पसरतो. पाण्याचा पृष्ठताण साधारण ७२ मिलीन्यूटन प्रति मीटर. साबण ती ओढ सैल करतो. दुधातले काही जीवाणूही हेच करतात.

नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन इथे हेंक बुशर आणि सहकाऱ्यांनी १९९४ साली स्ट्रेप्टोकॉकस थर्मोफिलसचे आठ वाण तपासले. दही लावणारी ही जात. पण हे वाण आले होते दुग्धशाळेतल्या पाश्चरीकरण यंत्राच्या पत्र्यांवरून. जीवाणू पाण्यात कालवायचे, त्या पाण्याचा एक थेंब ठेवायचा आणि त्याची कड न्याहाळत राहायचं. थेंबाच्या आकारावरून पृष्ठताण काढता येतो. काही वाणांचा थेंब हळूहळू बसत गेला. जीवाणू आतून काहीतरी सोडत होते: एक अंग पाण्याशी सलगी करणारं, दुसरं पाणी टाळणारं, असे रेणू.

त्याहून देखणं पुढचं. काचेला चिकटलेले जीवाणू काही वेळाने आपणहून सुटत, आणि त्या जागी पुन्हा सहजी कुणी चिकटत नसे. पाहुण्याने उठून जाताना ओटा सारवून ठेवावा, तसं. मला यातली गोडी इथेच लागते: जीवाणूंनी सोडलेल्या या संयुगांचा भर मारण्यावर नाही, पाय रोवू न देण्यावर आहे.

असं पाय रोवणं माणसाच्या घशातही नडतं. स्वरयंत्र काढावं लागलेल्या माणसाला बोलता यावं म्हणून श्वासनलिका आणि अन्ननलिकेच्या मध्ये सिलिकॉन रबराची इवलीशी झडप बसवतात. तिच्यावर कँडिडा बुरशीचा आणि जीवाणूंचा थर चढतो. झडप नीट मिटत नाही, गळते, बदलावी लागते. रोज ताक प्यायलं की झडप जास्त टिकते, असं डच रुग्ण एकमेकांना सांगत. ग्रोनिंगनच्या संशोधकांनी ते बोलणं मनावर घेतलं. थर्मोफिलसचं संयुग लावलेल्या सिलिकॉनवर कँडिडा कमी चिकटली. प्रयोगशाळेत उभारलेल्या कृत्रिम घशात ताकानेही थर कमी झाला. कमी झाला, नाहीसा नव्हे. शिवाय ताकात आम्लासकट बरंच काही असतं, सगळं श्रेय या एका संयुगाला देता येत नाही.

तरीही ताकाच्या पेल्यापासून थेंबाच्या कडेपर्यंत हा धागा मला सलग दिसतो, आणि त्याच्या टोकाला एका माणसाचा आवाज आहे.