तिसरा दशांश

सर सिरिल बर्ट म्हणजे इंग्लंडातले बडे मानसशास्त्रज्ञ. वेगवेगळ्या घरांत वाढलेल्या एकसारख्या जुळ्यांची बुद्धी किती जुळते, हे ते मोजत. १९५५ साली जोड्या २१, सहसंबंध ०.७७१. १९५८ साली जोड्या तिसाच्या वर, सहसंबंध ०.७७१. १९६६ साली जोड्या ५३, सहसंबंध... वाचकहो, बरोबर ओळखलंत!

आम्ही पडलो बँकेतले कारकून. खाती अडीचपट झाली आणि सरासरी शिल्लक पैशानेही हलली नाही, तर आमच्याकडे आधी लेजर मागवतात, मग कारकुनाला. इथे लेजर मागवलं लिऑन कामिन यांनी, १९७४ च्या पुस्तकात. साहेब १९७१ मध्येच वारलेले. हा खोटेपणा की नुसता गबाळेपणा, यावर विद्वान अजून भांडतात. बर्टवाले म्हणतात, १९९० साली मिनेसोटातही आकडा ०.७० च्या आसपासच आला. येऊ द्या की! बेरीज जुळली म्हणून काय बिनसहीची व्हाउचरं पास करायची?

आणि अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन पोरांची शाळावार वाटणी करण्याचे हे साहेब खंदे पाठीराखे. तेव्हा ‘बेताची बुद्धी’ म्हणून बाजूला काढलेली ती पोरं आज ऐंशीच्या घरात असतील.